ट्रॅक्टरची डिझेल टाकी : उतरविताना व बसविताना घ्यावयाची काळजी

टाकीच्या तळाशी साचलेले पाणी, गंज व गाळ पुढे गेल्यास फ्युएल पंप व इंजेक्टर खराब होतात. त्यामुळे हंगाम संपल्यावर टाकी उतरवून साफ करणे फायद्याचे ठरते. हे काम घरी करता येते. मात्र टाकी गळकी निघाली, की "रिकामीच तर आहे" म्हणून ती थेट वेल्डिंगला नेली जाते. ही चूक जिवावर बेतू शकते.

रिकामी टाकी धोक्याची का ?

पेटते ती डिझेलची वाफ व हवा यांचे मिश्रण. भरलेल्या टाकीत त्याला जागा थोडी, रिकाम्या टाकीत भरपूर असते. सांध्यात व गंजात मुरलेल्या डिझेलची वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ होते आणि टाकीचा स्फोट होतो. टाकी पाण्याने धुऊन उन्हात वाळविली तरी हा धोका जात नाही. शिवाय, ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकते ते भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश सेल्सिअस आहे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. म्हणून हे काम सकाळी, मोकळ्या व सावलीच्या जागी करावे.

टाकी उतरविणे

१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम काढावी. विडी, काडी, कंदील जवळ नसावा. कोरड्या वाळूची बादली हाताशी ठेवावी. पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतू नये.

२) तळाचा स्क्रू उघडून डिझेल स्वच्छ कॅनमध्ये काढावे. नळी तोंडाने कधीही ओढू नये. डिझेल फुप्फुसात गेल्यास गंभीर आजार होतो. चुकून पोटात गेल्यास उलटी करवू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

३) काट्याची वायर, पुरवठ्याची व परतीची नळी खुणा करून सोडवावी. नळ्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बांधावीत. २० लिटर डिझेलचे वजन सुमारे १७ किलो भरते. म्हणून टाकी रिकामी करूनच दोघांनी उतरवावी.

४) टाकी थोड्या स्वच्छ डिझेलने खळबळून घ्यावी, पेट्रोल वापरू नये.

टाकी बसविणे

टाकीखालील रबर व नळ्यांचे वॉशर खराब असल्यास बदलावेत. झाकणाचे हवेचे छिद्र मोकळे करावे. प्रथम थोडे डिझेल भरून दहा मिनिटे गळती पाहावी. गळती नसल्यास फिल्टर बदलून नळीतील हवा काढावी. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत शेवटी जोडावी.

गळकी टाकी बदलणे उत्तम. डाग द्यावयाचाच असल्यास, टाकीतील वाफ पूर्ण काढण्याची सोय असलेल्या वर्कशॉपमध्येच ते काम करून घ्यावे आणि टाकीत पूर्वी डिझेल होते हे कारागिरास आवर्जून सांगावे.