घटक ५ : महाजालावरील खासगीपणा – ब्राउझर, जाहिरातरोधक आणि मुक्त स्रोत

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• 'गोपनीय' आणि 'खासगी' या संकल्पनांतील फरक सांगता येईल.
• संकेतस्थळांवर वाचकाचा मागोवा कसा घेतला जातो, हे स्पष्ट करता येईल.
• ब्राउझर आणि जाहिरातरोधक यांचा उपयोग व मर्यादा सांगता येतील.
• मुक्त स्रोत आज्ञावलीचा खासगीपणाशी असलेला संबंध विशद करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, अनेक घरांत एकच मोबाइल सर्वांच्या हाती फिरत असतो. अशा घरातील एखादी व्यक्ती रात्री आपल्या आजाराविषयी माहिती शोधते. दुसऱ्या दिवशी त्याच मोबाइलवर क्रिकेटच्या बातम्या पाहणाऱ्या मुलाला त्या आजाराशी संबंधित जाहिराती दिसू लागतात. आजारी व्यक्तीने ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नसते. तरीही ती घरात कळते. नोकरीचा शोध, कर्जाची चौकशी, कायद्याचा सल्ला यांबाबतही असेच घडू शकते. हे कसे घडते आणि ते टाळण्यासाठी कोणती साधने उपलब्ध आहेत, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ 'गोपनीय' आणि 'खासगी'

मराठीत हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. 'गोपनीय' म्हणजे लपवून ठेवण्याजोगे. 'खासगी' या शब्दात मात्र लपविण्यापेक्षा स्वतःच्या मालकीचा भाव अधिक आहे. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन स्वतंत्र हिशेब असत. दौलत राज्याची आणि खासगी राजघराण्यातील स्त्रीच्या अधिकारातील. खासगीचा पैसा लपविलेला नव्हता. अहिल्याबाईंनी बांधलेले घाट आणि मंदिरे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. त्या पैशाचा विनियोग कोणी ठरवावा, एवढाच प्रश्न होता.

'माझ्याजवळ लपविण्यासारखे काही नाही, मग चिंता कशाची?' हा आक्षेप या भेदामुळे दूर होतो. आपली माहिती कोणाला, किती आणि कशासाठी द्यावी, हे ठरविण्याचा अधिकार म्हणजे खासगीपणा होय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला.

५.२.२ मागोवा कसा घेतला जातो?

एखाद्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील पान आपल्याला एकसंध दिसते. प्रत्यक्षात बातमीचा मजकूर वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येतो, तर जाहिराती, व्हिडिओ आणि वाचकसंख्या मोजणारी अदृश्य चित्रे इतर कंपन्यांच्या सर्व्हरवरून येऊ शकतात. पान उघडताच आपला ब्राउझर त्या सर्वांकडे मागणी नोंदवितो आणि आपण कोणत्या संकेतस्थळावर आहोत, हे त्यांना कळते.

ही ओळख टिकवून ठेवण्याचे मुख्य साधन म्हणजे 'कुकी'. नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये ती तयार केली. संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ही एक लहानशी नोंद असते. आपण लॉगिन केले आहे, हे संकेतस्थळाच्या लक्षात राहते ते कुकीमुळेच. म्हणून कुकी मुळात वाईट नाही. परंतु एकाच जाहिरात कंपनीचे तुकडे हजारो संकेतस्थळांवर असतील, तर तिच्या कुकीमुळे आपल्या सर्व भेटी एका सूत्रात गुंफल्या जातात. अशा कुकीस 'त्रयस्थ कुकी' म्हणतात.

दुसरी पद्धत 'ब्राउझरच्या ठशा'ची आहे. पडद्याचा आकार, उपलब्ध फॉन्ट, पसंतीची भाषा यांसारख्या तपशिलांच्या एकत्रीकरणातून, कुकी नसतानाही, उपकरण ओळखता येते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये आपल्या चाचणीस आलेल्या सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांचा अभ्यास केला. त्यांपैकी ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशीही जुळला नाही. येथे मराठी वाचकाने एक बाब ध्यानात घ्यावी. पसंतीची भाषा म्हणून मराठी निवडणारे ब्राउझर इंग्रजीच्या तुलनेत थोडे असल्याने ही निवडदेखील ठसा अधिक ठळक करते. यावर उपाय मराठी सोडणे हा खचित नव्हे. पण गर्दीत वेगळे दिसणारा सहज ओळखला जातो, हे तत्त्व यावरून स्पष्ट होते.

५.२.३ ब्राउझरची निवड

सर्व ब्राउझर सारखे नाहीत. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी पूर्णतः रोखल्या. मोझिलाच्या फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून मागोवा घेणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकी मूळ मांडणीतच अडविल्या आणि २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवण्यास आरंभ केला. गूगलने क्रोममधून त्रयस्थ कुकी दोन वर्षांत हटविण्याचे २०२० मध्ये जाहीर केले. मुदत वारंवार पुढे ढकलली आणि अखेर हा बेत सोडून दिला. गूगलच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो, ही वस्तुस्थिती येथे विसरता येत नाही. साधन निवडताना त्याच्या निर्मात्याचे उत्पन्न कोठून येते, हा प्रश्न अवश्य विचारावा.

'टॉर ब्राउझर' आपली मागणी तीन मध्यस्थ संगणकांमधून पाठवितो आणि सर्व वापरकर्त्यांचा ठसा शक्य तितका सारखा ठेवतो. त्याचा वेग मात्र कमी असतो.

ब्राउझरमधील 'खासगी विंडो'विषयी मोठा गैरसमज आढळतो. ती बंद केल्यावर त्या उपकरणावर भेटींचा इतिहास राहत नाही, एवढेच तिचे मुख्य कार्य. सामायिक मोबाइलवर ती निश्चित उपयोगी आहे. परंतु संकेतस्थळ, इंटरनेट पुरविणारी कंपनी किंवा कार्यालयाचे नेटवर्क यांच्यापासून ती आपल्याला लपवीत नाही.

५.२.४ जाहिरातरोधक

जाहिरातरोधक हे ब्राउझरला जोडावयाचे पूरक साधन आहे. जाहिरात व मागोवा घेणाऱ्या सर्व्हरांच्या याद्या त्याच्याजवळ असतात आणि अशा सर्व्हरकडे जाणारी मागणीच ते अडविते. त्यामुळे डेटाही वाचतो. रेमंड हिल यांचे 'यूब्लॉक ओरिजिन' हे २०१४ पासून उपलब्ध असलेले मुक्त स्रोत साधन विशेष प्रसिद्ध आहे. क्रोमच्या नव्या नियमांनंतर त्यात या साधनाची केवळ मर्यादित 'लाइट' आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये, अगदी अँड्रॉइड मोबाइलवरही, पूर्ण आवृत्ती वापरता येते.

येथे दोन सावधगिरीच्या बाबी आहेत. पहिली, जाहिरातरोधकाला आपण उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची परवानगी द्यावी लागते; म्हणजे अविश्वासू रोधक स्वतःच हेर ठरू शकतो. दुसरी, अनेक वृत्तपत्रे व नियतकालिके जाहिरातींवर जगतात. ज्यांचे लेखन आपल्याला मोलाचे वाटते त्यांच्यासाठी रोधकात अपवाद करणे किंवा वर्गणी भरणे, हा वाचकाच्या सदसद्विवेकाचा भाग आहे.

५.२.५ मुक्त स्रोत आणि विश्वास

साधनावर विश्वास ठेवावा तो कशाच्या आधारे? ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, ती मुक्त स्रोत आज्ञावली होय. नेटस्केपने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा मूळ मजकूर खुला केला. त्यातून मोझिला प्रकल्प आणि २००४ मध्ये फायरफॉक्स १.० साकारला. क्रोमचा पाया असलेला 'क्रोमियम' मुक्त स्रोत आहे. परंतु क्रोममध्ये गूगलने घातलेली स्वतंत्र भर तशी खुली नाही.

मुक्त असणे म्हणजे आपोआप सुरक्षित असणे नव्हे. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या मुक्त स्रोत आज्ञावलीत चोरवाट सापडली. प्रकल्पात दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केलेल्या सहभागकर्त्याच्या नावाने ती घातली गेली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात दूरस्थ प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे जाणवले. मजकूर खुला असल्याने ते कारणापर्यंत पोहोचू शकले. उघडी वही कोणीतरी वाचावीच लागते. पण बंद वही बाहेरच्या माणसाला वाचताच येत नाही. आपला हिशेब खासगी राहावयाचा असेल, तर तो सांभाळणाऱ्या साधनाचा हिशेब उघडा असावा लागतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. त्रयस्थ कुकी कशास म्हणतात?
२. खासगी विंडोचे मुख्य कार्य कोणते?
३. जाहिरातरोधकाची निवड जपून का करावी?

५.३ सारांश

खासगीपणा म्हणजे आपल्या माहितीवरील आपला अधिकार. कुकी आणि ब्राउझरचा ठसा यांच्या द्वारे वाचकाचा मागोवा घेतला जातो. योग्य ब्राउझर आणि जाहिरातरोधक हा मागोवा पुष्कळ कमी करतात. परंतु ज्या सेवेत आपण स्वतः लॉगिन करतो, तिच्यापासून ते आपले तेथील व्यवहार लपवू शकत नाहीत. मुक्त स्रोतामुळे साधनाची पडताळणी शक्य होते. कोणतेही एक साधन परिपूर्ण नसते. म्हणून प्रत्येकाची मर्यादा जाणून त्याचा वापर करावा.

५.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. आपण पाहत असलेल्या संकेतस्थळाऐवजी त्यावरील अन्य कंपनीने ठेवलेल्या कुकीस त्रयस्थ कुकी म्हणतात.
२. त्या उपकरणावर भेटींचा इतिहास राहू न देणे.
३. त्यास प्रत्येक पान वाचण्याची परवानगी द्यावी लागते म्हणून.

५.५ सरावासाठी स्वाध्याय

१. 'लपविण्यासारखे काही नसणाऱ्यालाही खासगीपणा हवा' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. मुक्त स्रोत आज्ञावलीचे महत्त्व आणि मर्यादा स्पष्ट करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या मोबाइलमधील ब्राउझरची 'सेटिंग्ज' उघडा. त्रयस्थ कुकींबाबत तेथे कोणते पर्याय आहेत आणि मूळ मांडणीत कोणता निवडलेला आहे, याची नोंद दहा ओळींत करा.