संगणकाचा जलशीतक : निर्मिती, चाचणी आणि विपणन

‘वॉटर कूलर’ म्हटले की रेल्वे स्थानकावरील पिण्याच्या पाण्याचे यंत्र डोळ्यांसमोर येते. प्रस्तुत लेखातील जलशीतक पाणी थंड करण्यासाठी नसून, संगणकाच्या प्रोसेसरमधील उष्णता पाण्याच्या साहाय्याने वाहून नेण्यासाठी आहे. मोठ्या संगणकांसाठी आयबीएमने ही पद्धत १९६०च्या दशकातच वापरली होती. आयआयटी रुरकी येथे २०२२ मध्ये कार्यान्वित झालेला ‘परम गंगा’ हा महासंगणकही द्रवशीतनावर आधारित आहे. ग्राहकाच्या गरजेनुसार भाग बदलता येणारा जलशीतक हे या तंत्राचे घरगुती रूप होय. एखाद्या लहान उद्योगाने त्याचे उत्पादन हाती घेतल्यास कोणते आर्थिक प्रश्न उभे राहतात, ते येथे पाहू.

निर्मितीमागील तत्त्व

वॉटर ब्लॉक, पंप, नळ्या, रेडिएटर व पंखे हे जलशीतकाचे मुख्य घटक. प्रोसेसरवर बसविलेला तांब्याचा ब्लॉक उष्णता शोषून पाण्याला देतो आणि रेडिएटर ती हवेत सोडतो. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे ४,१८६ ज्यूल उष्णता लागते. त्यामुळे मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असल्यास २०० वॉट उष्णता शोषूनही ते सुमारे तीन अंशांनीच तापते. म्हणजे खरी मर्यादा पाण्याची नसून रेडिएटर व पंख्यांची असते.

तांबे व ॲल्युमिनियम एकाच प्रवाहात आल्यास विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम गंजते. म्हणून भागांच्या निवडीचे स्वातंत्र्य देतानाही धातूंच्या बाबतीत उत्पादकाने स्पष्ट बंधन घातले पाहिजे. द्रवात गंजरोधक व शेवाळरोधक द्रव्येही आवश्यक असतात.

चाचणी : कशाची आणि कोठे?

पहिली चाचणी गळतीची. द्रव भरण्यापूर्वी हवेचा दाब देऊन तो टिकतो का, हे पाहतात. त्यानंतर संगणकाच्या इतर भागांचा वीजपुरवठा बंद ठेवून केवळ पंप चालवितात. दुसरी चाचणी उष्णतेची. समान भार देऊन तापमान स्थिर झाल्यावरच नोंद घ्यावी लागते.

समजा, संपूर्ण शीतकाचा औष्णिक रोध प्रतिवॉट ०.२ अंश आहे. तर २०० वॉटला प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षा ४० अंशांनी अधिक राहील. २५ अंशांच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत ते ६५ अंश दिसेल. विदर्भातील मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तेच ८० अंश होईल. शीतक तोच, परंतु ग्राहकाचा अनुभव निराळा. भारतीय बाजारासाठीची चाचणी भारतीय उन्हाळ्यात उतरली पाहिजे, ती यासाठीच.

निवडीची किंमत

चार प्रकारचे ब्लॉक, तीन रेडिएटर, दोन पंप आणि तीन प्रकारच्या नळ्या दिल्यास ४ × ३ × २ × ३ = ७२ संच संभवतात. ब्लॉकचा केवळ एक प्रकार वाढविला, तर हीच संख्या ९० होते. प्रत्येक संचाची पूर्ण चाचणी लहान उद्योगास परवडणारी नाही. यावर उपाय प्रमाणीकरणाचा. जोडणीचे आटे व पंख्यांची मापे सर्वत्र सारखी ठेवली, तर मूळच्या १२ भागांची स्वतंत्र चाचणी आणि काही प्रातिनिधिक संचांची एकत्र चाचणी पुरेशी ठरू शकते. प्रमाणीकरणामुळे निवड आटोपशीर खर्चात शक्य होते.

विपणन : विश्वासाचा प्रश्न

जलशीतक गळला, तर त्याहून कितीतरी महाग संगणक निकामी होऊ शकतो. शिवाय जोडणी पक्की आहे की नाही, हे विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेली माहितीच्या विषमतेची समस्या ती हीच. अशा बाजारात चांगल्या मालालाही योग्य किंमत मिळत नाही. मायकेल स्पेन्स यांच्या ‘संकेत’ सिद्धांताच्या आधारे पाहता, नुकसानभरपाईची हमी हा गुणवत्तेचा संकेत ठरतो. कारण सदोष माल बनविणाऱ्यास ती परवडत नाही.

काल्पनिक उदाहरण घेऊ. हजार शीतकांपैकी पाच गळले आणि प्रत्येकी ६०,००० रुपये भरपाई द्यावी लागली, तर एकूण भार तीन लाख, म्हणजे प्रतिनग ३०० रुपये. प्रतिनग १०० रुपयांच्या चाचणीने गळती एका नगावर आली, तर भरपाईचा भार ६० रुपये व एकूण खर्च १६० रुपये होतो. येथे चाचणीवरील खर्च हीच बचत ठरते.

पेटंटचा अडसर

तांत्रिक यश म्हणजे बाजारप्रवेश नव्हे. पंप व ब्लॉक एकत्र करणाऱ्या रचनेची पेटंटे डेन्मार्कच्या असेटेक कंपनीकडे होती. स्विफ्टेक या अमेरिकी कंपनीचा ‘एच२२०’ हा वाढविता येणारा शीतक पेटंटच्या वादामुळे २०१३ मध्ये अमेरिकी बाजारातून मागे घेण्यात आला. २०१४ मध्ये कंपनीने पंप रेडिएटरशी जोडून ‘एच२२०-एक्स’ ही निराळी रचना आणली. पेटंटचा हक्क देशापुरता मर्यादित असतो. भारतात त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. म्हणून साचे बनविण्यापूर्वीच, ज्या देशात विक्री करावयाची तेथील पेटंटांचा शोध घेणे हिताचे ठरते.

सारांश

जलशीतकाचे भाग बाजारात मिळतात. विश्वास मात्र उद्योजकाला स्वतःच निर्माण करावा लागतो. प्रमाणित जोडण्या, स्थानिक हवामानातील चाचणी, पाळता येईल अशी हमी आणि पेटंटांचा पूर्वशोध यांवर तो उभा राहतो. लहान उद्योगांच्या अन्य अनेक उत्पादनांनाही हे सूत्र लागू पडते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. माहितीची विषमता म्हणजे काय? हमीमुळे ती कशी कमी होते?
२. ग्राहकाला अधिक निवड देण्याचा चाचणीच्या खर्चावर होणारा परिणाम उदाहरणासह स्पष्ट करा.
३. पेटंट संरक्षणाने नवनिर्मितीस चालना मिळते की अडथळा येतो? चर्चा करा.