संगणकाची निद्रा

थकलेला मनुष्य रात्री झोपी जातो आणि सकाळी उठून आदल्या दिवशीचे काम पुढे चालवितो. झोपेत त्याचे हातपाय स्वस्थ असतात. परंतु श्वास चालू असतो आणि स्मृतीही शाबूत राहते. संगणकाचेही काहीसे असेच आहे. काम नसताना त्यास जागे ठेवणे म्हणजे विजेचा अपव्यय. आणि वारंवार बंद करणे म्हणजे मांडलेले काम मोडून पुन्हा मांडणे. या दोहोंमधील मार्ग म्हणजे संगणकाची निद्रा होय.

ही निद्रा समजण्यासाठी संगणकाची दोन कोठारे ओळखली पाहिजेत. पहिले रॅम. चालू काम येथे असते. हे कोठार अतिशय चपळ. पण वीज तुटली की ते रिते होते. दुसरे डिस्क. ही रॅमहून मंद; परंतु विजेवाचूनही तिच्यातील मजकूर टिकतो. एक जणू वर्गातील फळा, तर दुसरी वही!

इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी १९९६ साली 'एसीपीआय' नावाची नियमावली प्रसिद्ध केली. तीनुसार संगणकास केव्हा व कसे निजवावे, हे ठरविण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमकडे आले. तीत सहा अवस्था सांगितल्या आहेत. 'एस०' म्हणजे जागृती. 'एस१' ते 'एस४' या उत्तरोत्तर गाढ होत जाणाऱ्या निद्रा. 'एस५' म्हणजे संगणक बंद.

यांपैकी दोन अवस्थांचा भेद विशेष महत्त्वाचा आहे. 'एस३' मध्ये पडदा, डिस्क व प्रोसेसर यांची वीज तोडली जाते. रॅमला मात्र थोडी वीज मिळत राहते. म्हणून कळ दाबताच संगणक काही क्षणांत जागा होतो. विंडोज एक्सपीमध्ये हिला 'स्टँडबाय' म्हणत; पुढे विंडोज व्हिस्टामध्ये 'स्लीप' हे नाव आले. 'एस४' ही शीतनिद्रा, म्हणजेच 'हायबरनेट'. येथे रॅममधील सर्व मजकूर प्रथम डिस्कवर उतरविला जातो व मगच वीज तोडली जाते. जागे होण्यास वेळ अधिक लागतो. पण वीज गेली तरी काम बुडत नाही.

बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही पडदे सारखेच काळे दिसतात. एखाद्या विद्यार्थ्याने निबंध लिहिला, तो जतन केला नाही आणि टेबलावरील संगणक 'एस३' मध्ये ठेवून तो निजला. मध्यरात्री वीज गेली. झाले! फळा पुसला गेला. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो; परंतु तीही कधीतरी संपतेच. हा धोका ओळखून व्हिस्टामध्ये 'हायब्रिड स्लीप' ही सोय आली. तीत मजकूर रॅममध्येही राहतो व डिस्कवरही उतरतो.

अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत 'एस३' नसते. ते निजलेले दिसतात. पण नियमाप्रमाणे अत्यल्प विजेवर 'एस०' मध्येच असतात आणि अधूनमधून थोडे कामही करून घेतात. म्हणून केवळ काळ्या पडद्यावर विसंबू नये. आपला संगणक कोणत्या निद्रेत जातो, हे जाणून घ्यावे. आणि त्यास निजविण्यापूर्वी आपले काम वहीत, म्हणजे डिस्कवर, उतरवून ठेवावे.

स्वाध्याय
१. रॅमला फळ्याची व डिस्कला वहीची उपमा का दिली आहे?
२. 'एस३' व 'एस४' या अवस्थांतील भेद स्पष्ट करा.