संगीत शिकताना इंटरनेटचा उपयोग कसा करावा?



आपल्या वेळापत्रकात संगीताला आठवड्यातून एकच तास मिळतो. त्या तासात स्वर लावायचे, ताल धरायचा, समूहगीत बसवायचे आणि वार्षिक दिनाची तयारीही करायची. उरलेला अभ्यास तुम्ही सुट्टीत, घरी, मोबाईलवर करता. म्हणूनच पालकभेटीच्या दिवशी मला हमखास विचारतात, "सर, गाण्यासाठी म्हणून मोबाईल मागतो. द्यावा का? आणि दिला तर त्याने नेमके काय बघावे?"

प्रश्न रास्त आहे. तुमच्यापैकी अनेकांचे वडील सैन्यात आहेत. बदली झाली की गाव बदलते, गाण्याचा क्लासही सुटतो. नव्या गावी चांगले गुरुजी मिळतील आणि त्यांची फी परवडेल, याची खात्री नसते. अशा मुलाला नेटवरचे साहित्य खरा आधार देऊ शकते. मात्र एकदा चुकीचे बसलेले गाणे सुधारायला, नवे गाणे शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी वर्गात दरवर्षी पाहतो. म्हणून शोधावे कसे आणि सापडलेले तपासावे कसे, याचा हा पाठ.

१. शोधण्याचे शब्द नेमके असावेत

नुसते "संगीत शिका" असे लिहून शोधले तर हजारो व्हिडिओ येतात आणि त्यातच संध्याकाळ जाते. त्याऐवजी रागाचे नाव, तालाचे नाव आणि हवा असलेला प्रकार असे तिन्ही लिहा. उदाहरणार्थ, "भूप, तीनताल, सरगमगीत" किंवा "यमन, तीनताल, छोटा ख्याल, स्वरलिपी".

आपण बेंगळुरूत आहोत. इथे हिंदुस्तानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती कानांवर पडतात. तेव्हा एकाच स्वरसमूहाची दोन्ही नावे माहीत असली तर सापडणारे साहित्य दुप्पट होते :

भूप – मोहनम्
मालकंस – हिंदोळम्
दुर्गा – शुद्ध सावेरी
यमन – कल्याणी
भैरव – मायामाळवगौळ

या जोड्यांचे स्वर सारखे आहेत, चलन आणि गमक मात्र वेगळे आहेत. माझ्या वर्गात बेळगाव जिल्ह्यातला एक कॅडेट पेटीवर भूप वाजवत होता. मंड्याकडच्या त्याच्या मित्राने तेच स्वर मोहनम् म्हणून गाऊन दाखवले. दोघांनी आरोह-अवरोह एकत्र म्हटले, तेव्हा पाच स्वर तेच असूनही 'ग' वरचा मुक्काम आणि आंदोलन वेगळे आहे, हे सगळ्या वर्गाला ऐकू आले.

नावांत काही सापळेही आहेत. हिंदुस्तानी हिंदोल आणि कर्नाटक हिंदोळम् हे एक नव्हेत. आपल्या भैरवीचे स्वर कर्नाटक पद्धतीत 'तोडी' या नावाने सापडतात, आणि कर्नाटक भैरवी हा वेगळाच राग आहे. नाव जुळले म्हणून राग जुळला असे समजू नका. आधी आरोह-अवरोह ताडून पाहा.

२. स्वरलिपी कोणती, ते आधी ओळखा

शिवाजीनगरात माझ्या घराखाली झेरॉक्सचे दुकान आहे. नेटवरची स्वरलिपी छापून घ्यायला सुट्टीत मुले तिथे येतात आणि कागद घेऊन वर माझ्याकडे येतात. बहुतेकांची अडचण एकच असते. महाराष्ट्रात दोन स्वरलिपी चालतात आणि कागदावर कोणती आहे, हे कुठेच लिहिलेले नसते.

पहिली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची आणि दुसरी पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांची. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असले तर तो तार सप्तकातला आणि खाली टिंब असले तर मंद्र सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ असते. म्हणजे चिन्ह तेच, पण अर्थ अगदी उलटा! समेसाठी भातखंडे पद्धतीत फुली असते आणि खालीसाठी शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला १ हा आकडा आणि खालीला अधिकचे चिन्ह असते.

तेव्हा कागद हातात आला की आधी समेचे चिन्ह पाहा. फुली दिसली तर भातखंडे, १ दिसला तर पलुस्कर. एवढे पाहिल्याशिवाय पेटीला हात लावू नका.

३. पट्टी तपासा, गळा सांभाळा

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सातवी ते नववीच्या काळात बहुतेक मुलांचा आवाज फुटतो. तो हळूहळू जवळजवळ एक सप्तक खाली जातो. या महिन्यांत गळा थकतो, मधले स्वर निसटतात, वरचे स्वर फाटतात. आजार नव्हे, वाढीचाच तो भाग आहे. नेमक्या याच वयात एखादा कॅडेट मोबाईलवर गायिकेची काळी चार पट्टीतली बंदिश लावतो आणि तिच्याबरोबर ओढून गातो. गळा दुखतो, मग "मला गाणे येत नाही" असे ठरवून तो गाणे सोडून देतो. चांगला कान असलेली मुले अशी गाण्यापासून दूर जातात, याचे मला वाईट वाटते.

उपाय सोपा आहे. गाणाऱ्याची पट्टी आधी शोधा. नंतर तानपुऱ्याचे ॲप स्वतःच्या पट्टीत लावा. मूळ ध्वनिमुद्रण फक्त ऐका आणि गाताना ते बंद करून तानपुऱ्यावर गा. यूट्यूबवर वेग पाऊणपट केला तरी पट्टी बदलत नाही, त्यामुळे तान किंवा मुरकी समजून घ्यायला ही सोय चांगली आहे. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. संगणकावर उतरवताना तबकडीचा वेग कमी-जास्त झाला असेल, तर ऐकू येणारी पट्टी मूळ गायकाची नसते.

४. बँडमधील कॅडेटसाठी

तेज चालीत मिनिटाला १२० पावले पडतात, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. मेट्रोनोमचे ॲप १२० वर ठेवा आणि साइड ड्रमचा सराव त्यावर करा. राष्ट्रगीताच्या पूर्ण वादनाला सुमारे ५२ सेकंद लागतात. नेटवरची एखादी चाल ६५ सेकंद चालत असेल तर ती सरावासाठी घेऊ नका.

सुरावट शोधताना वाद्याचे नाव लिहायलाच हवे. बँडमधील नेहमीच्या ट्रम्पेटवर किंवा क्लॅरिनेटवर कागदावरचा 'सी' वाजवला की कानाला 'बी फ्लॅट' ऐकू येतो. पियानोसाठी लिहिलेला कागद तसाच वाजवला तर सगळी धून एक पूर्ण स्वर खाली जाते आणि बाकी बँडशी जुळत नाही.

ऐकण्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. पहिली 'शंखनाद'. नागपूरच्या डॉ. तनुजा नाफडे यांनी महार रेजिमेंटसाठी बांधलेली ही धून २०१९ च्या प्रजासत्ताक दिनी राजपथावर वाजली. बिलासखानी तोडी, भैरवी आणि किरवाणी या रागांचा आधार असूनही तिच्यावर पावले पडतात. राग आणि कवायत एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा.

दुसरी गोष्ट मुत्तुस्वामी दीक्षितरांची (१७७५–१८३५) नोट्टुस्वरे. इंग्रजांच्या बँडच्या चाली ऐकून त्यांनी त्यांवर संस्कृत शब्द बांधले. त्याच काळात तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (राज्यकाळ १७९८–१८३२) यांनी आपल्या दरबारी पाश्चात्य वाद्यांचा बँड ठेवला होता. नोट्टुस्वरे शंकराभरणम् मध्ये, म्हणजे आपल्या बिलावलच्या शुद्ध स्वरांत आहेत. ती छोटी आणि सरळ असल्यामुळे गाणारे आणि वाजवणारे कॅडेट ती एकत्र बसवू शकतात.

५. भरवशाची ठिकाणे

एनसीईआरटीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. सहावीच्या 'कृति' या कलेच्या पुस्तकात संगीताचा विभाग आहे. 'दीक्षा' ॲपवर पाठ्यपुस्तकांना जोडलेले साहित्य मिळते.

इंटरनेट आर्काइव्हवर भातखंड्यांची क्रमिक पुस्तके आणि जुन्या तबकड्या आहेत. मूळ मराठीत लिहिलेल्या या मालिकेचे सहा भाग आहेत. व्हिडिओत ऐकलेली बंदिश या पुस्तकांशी ताडून पाहण्याची सवय लावा.

मुंबईच्या एनसीपीएचा 'म्युझिक इन मोशन' हा प्रकल्प अवश्य पाहा. गायन चालू असताना स्वर कसा वळतो याची रेघ पडद्यावर उमटते. मींड म्हणजे काय, हे शब्दांत समजावायला मला वेळ लागतो, तिथे ते डोळ्यांना दिसते.

आकाशवाणी-दूरदर्शनच्या जुन्या मैफली प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिनीवर आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी हे धारवाडच्या मातीतले कलाकार. मराठी आणि कन्नड अशी दोन्ही घरे त्यांना आपले मानतात.

पाश्चात्य सुरावटींसाठी २००६ पासून चालणारे आयएमएसएलपी आहे. स्वतः सुरावट लिहायला 'म्यूझस्कोर' मोफत मिळते.

६. कायद्याचे भान

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. भातखंडे १९३६ साली गेले, म्हणून त्यांची पुस्तके उतरवून घेण्यात गैर नाही. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे एखादे गाणे सादर करण्याची मुभा कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. त्याच कार्यक्रमाचा व्हिडिओ नेटवर टाकणे ही वेगळी गोष्ट. आधी विचारावे.

७. पालकांसाठी

मोबाईल द्यावा, पण वेळ ठरवून द्यावा. दिवसाला अर्धा तास पुरतो : दहा मिनिटे ऐकणे, वीस मिनिटे मोबाईल खाली ठेवून गाणे किंवा वाजवणे. शेवटी पाच मिनिटे त्याने तुमच्यासमोर म्हणून दाखवावे. तुम्हाला संगीत येत नसले तरी चालेल. कोणीतरी ऐकते आहे, एवढ्याने सराव टिकतो. आठवड्यातून एकदा त्याचे गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि शाळा सुरू झाल्यावर मला ऐकवा. व्हिडिओतला शिक्षक त्याला गाऊन दाखवतो, पण त्याचे गाणे ऐकू शकत नाही. ते काम आपल्यालाच करायचे आहे.

सुट्टीतला अभ्यास

१. भूपातील एक सरगमगीत शोधा. स्वरलिपी कोणत्या पद्धतीची आहे ते वहीत लिहा.

२. मोहनम् मधील एखादी रचना ऐका. भूपाशी काय जुळते आणि काय वेगळे आहे ते पाच ओळींत लिहा.

३. तानपुरा लावून स्वतःची पट्टी शोधा : मंद्र 'प' पासून तार 'सा' पर्यंत गळा न ताणता जाता आले पाहिजे.

४. बँडमधील कॅडेटनी राष्ट्रगीत वाजवून घड्याळ लावावे आणि किती सेकंद लागले ते लिहावे.

शाळा उघडल्यावर पहिल्या तासाला वह्या पाहीन. आवाज फुटतो आहे म्हणून कोणी मागच्या बाकावर बसू नये. त्यांची पट्टी आपण आधी ठरवू.