ओसाकाला निघण्याआधी

चि. चिऊस,


तुझ्या आईने काल फोनवर सामानाची यादी वाचून दाखवली. मिक्सर, इस्त्री, विजेची किटली, आणि शेवटी ‘युनिव्हर्सल ॲडॅप्टर, म्हणजे सगळं चालेल’. आयुष्यभर मोटारी रिवाइंड करत आलो, त्यामुळे हे ऐकून स्वस्थ बसवेना. पत्र पूर्ण वाच, मग बॅग भर.

ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. आपल्या गोल पिना जपानच्या सॉकेटात शिरत नाहीत, तिथे दोन चपट्या पट्ट्या लागतात. तेवढीच त्याची सोय. नळाला वेगळ्या मापाची तोटी बसवली म्हणून टाकीतल्या पाण्याचा दाब बदलत नाही. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, जपानात १००. अमेरिकेच्या १२० पेक्षाही कमी.

म्हणून आधी प्रत्येक वस्तू उलटी करून तिच्यावरची बारीक अक्षरं वाच. ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं लिहिलं असेल तर ती वस्तू जगात कुठेही चालेल. मोबाइलचा आणि लॅपटॉपचा चार्जर बहुतेक असाच असतो. त्यांना ॲडॅप्टर पुरे. नुसतं ‘२३० व्होल्ट’ दिसलं तर ती वस्तू घरीच राहू दे.

का, तेही समजून घे. तापणाऱ्या वस्तूची ताकद व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आपली १५०० वॅटची किटली १०० व्होल्टवर लावलीस तर ती जेमतेम २८० वॅटचं काम करेल. जळणार नाही, पण कपभर चहासाठी ताटकळत बसशील. इस्त्रीचंही तेच. मिक्सर रडतखडत फिरेल, आणि भिजवलेल्या डाळीत पातं अडकलं की मोटर तापेल.

‘मग कन्व्हर्टर घेऊ’ असं तू म्हणशील. बाजारात तळहातावर मावणारे हलके कन्व्हर्टर मिळतात. ते तापणाऱ्या साध्या वस्तूंसाठी, तेही थोडा वेळ चालवायला असतात. मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यावर लावू नकोस. मिक्सरला खरा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते, म्हणून ७५० वॅटच्या मिक्सरला दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागेल. त्यात लोखंड आणि तांबं भरलेलं, वजन कित्येक किलो. शिवाय १५०० वॅट म्हणजे १०० व्होल्टवर १५ अँपिअर, जपानी घरातल्या एका सॉकेटची सगळी मर्यादा तिथेच संपते. इतका खटाटोप करण्यापेक्षा तिथलाच १०० व्होल्टचा छोटा ग्राइंडर घे. मसाले आई दळून देणारच आहे.

आता एक गोष्ट जी ट्रान्सफॉर्मरही बदलत नाही: फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे ५० हर्ट्झ. जपानात मात्र एकाच देशात दोन आहेत. १८९५-९६ च्या सुमारास टोकियोने जर्मनीच्या एईजीची जनित्रं घेतली, ती ५० हर्ट्झची. ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतली, ती ६० ची. पुढे दोन्ही जाळी वाढत गेली आणि आजही साधारण फुजी नदीपासून इतोइगावापर्यंतच्या रेषेने देश विभागलेला आहे. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा होता, तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तेवढी तिकडे पाठवता आली नाही, कारण मधल्या फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या केंद्रांची क्षमता तोकडी होती. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही हकिगत फार मोलाची वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वीची एक खरेदी अजून माणसांच्या घरात पोचते आहे.

तुझ्या घरातही पोचेल. विद्यार्थी तिथे जुनी भांडी-यंत्रं स्वस्तात विकत घेतात, तूही घेशील. जुना मायक्रोवेव्ह किंवा वॉशिंग मशीन घेताना पाठीमागचं लेबल बघ. काहींवर फक्त ५० किंवा फक्त ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. ओसाकाला ६० हवं. पुढे नोकरी टोकियोला लागली तर फक्त ६० हर्ट्झची वस्तू सोबत ओढत नेऊ नकोस.

अर्थिंगबद्दल मी कडक बोलणार आहे. आपल्या तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन तोडून किंवा वगळून ॲडॅप्टरमध्ये बसवायची नाही, म्हणजे नाही. जपानात बऱ्याच सॉकेटांना दोनच भोकं असतात. वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्हसाठी अर्थची वायर वेगळी जोडावी लागते, त्याची जागा सॉकेटपाशीच असते. ती जोडलेली आहे ना, हे पहिल्या आठवड्यात बघून घे. ओल्या हातांच्या जागी ही वायर जीव वाचवते. लॅपटॉपच्या चार्जरची वायर सुटी होत असेल तर तिथल्या पिनांची वायर विकत घे. ढिला ॲडॅप्टर, त्यावर मल्टिप्लग, त्यावर आणखी काही, अशी उतरंड सॉकेटावर चढवू नकोस. जिथे पिन ढिली तिथे ठिणगी आणि उष्णता.

मामीने राइस कुकर मागितला आहे, हे मला कळलंय. तिथल्या नेहमीच्या दुकानातला १०० व्होल्टचा आणू नकोस. आपल्या २३० वर तो पाचपटीहून जास्त वीज खाईल आणि काही क्षणांत राख होईल. परदेशी ग्राहकांसाठी २२० ते २४० व्होल्टचे कुकर वेगळे मिळतात, टोकियोच्या अकिहाबारासारख्या बाजारात विचार. खोक्यावरचं नव्हे, कुकरच्या बुडावरचं लेबल वाचून घे.

रविवारपर्यंत बॅगेतल्या प्रत्येक विजेच्या वस्तूच्या लेबलचा फोटो मला पाठव. काय न्यायचं आणि काय ठेवायचं ते मी सांगतो.

तुझा,
मामा