लोकटक : तरंगणारी भूमी

भूमी स्थिर आणि पाणी चंचल, अशी मनुष्याची सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीस अपवाद ठरणारे एक स्थळ भारताच्या ईशान्य भागात, मणिपूर राज्यात आहे. तेथील गवताची विस्तीर्ण कुरणे पाण्यावर तरंगतात. त्या कुरणांवर हरणे चरतात, कोळी लोक त्यांवर झोपड्या उभारून राहत आले आहेत, आणि पाऊस पडून पाणी चढू लागले म्हणजे ही सारी भूमी आपल्यावरील भारासह वर उचलली जाते. या स्थळाचे नाव लोकटक सरोवर.

सरोवराचे स्थान

मणिपूरच्या मध्यभागी, चोहोबाजूंनी डोंगरांनी वेढलेले एक सपाट खोरे आहे. इम्फाळ शहर याच खोऱ्यात वसलेले असून त्याच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर लोकटक पसरलेले आहे. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंच आहे. मणिपुरी भाषेत ‘लोक’ म्हणजे प्रवाह व ‘टक’ म्हणजे शेवट. पश्चिमेच्या डोंगरांतून उतरणारे अनेक ओढे येथे येऊन विसावतात, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. सरोवराचे जादा पाणी मणिपूर नदीवाटे दक्षिणेकडे ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, जाते आणि चिंद्विन नदीतून शेवटी इरावतीस मिळते. ईशान्य भारतातील गोड्या पाण्याचे हे सर्वांत मोठे सरोवर होय.

फुमडी म्हणजे काय?

सरोवरात तरंगणाऱ्या या भूमीला स्थानिक लोक ‘फुमडी’ म्हणतात. पाणवनस्पतींची मुळे व खोडे एकमेकांत गुंतत जातात. त्यांवर वाळलेली पाने, कुजलेला पालापाचोळा आणि प्रवाहाबरोबर आलेला गाळ साचतो. त्यावर पुन्हा नवे गवत उगवते. असे थरावर थर बसून एक जाड गादी तयार होते. कोठे ती काही सेंटिमीटरच जाड असते, तर कोठे दोन मीटरपर्यंत भरते.

माती असूनही ही गादी बुडत का नाही? पोकळ खोडांत व मुळांत हवा कोंडलेली असते आणि कुजण्याच्या क्रियेतून निघणारे वायूही थरांत अडकून राहतात. त्यामुळे संपूर्ण गादी समान आकारमानाच्या पाण्यापेक्षा हलकी ठरते. फुमडीचा साधारणपणे एक पंचमांश भाग पाण्यावर व चार पंचमांश भाग पाण्याखाली असतो. तरंगणारा पदार्थ आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारतो, हा आर्किमिडीजचा सिद्धान्त येथे लागू केला, तर फुमडीची सरासरी घनता पाण्याच्या घनतेच्या सुमारे चार पंचमांश असली पाहिजे, हे विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल.

बुडण्याचे महत्त्व

फुमडी तरंगते ही गोष्ट आश्चर्याची खरीच. परंतु तिचे जीवन तरंगण्याइतकेच टेकण्यावरही अवलंबून आहे, ही त्याहून आश्चर्याची गोष्ट होय. पूर्वी हिवाळा संपता संपता सरोवराचे पाणी ओसरू लागे. त्याबरोबर फुमडी हळूहळू खाली उतरे आणि उथळ जागी थेट तळास टेके. कोरड्या ऋतूचे ते काही महिने तिच्यावरील वनस्पतींची मुळे तळाच्या गाळात शिरत आणि तेथील पोषक द्रव्ये शोषून घेत. पुढे पावसाळ्यात पाणी चढले की पुष्ट झालेली फुमडी पुन्हा तरंगू लागे. शेतकरी वर्षातून एकदा जमिनीस खत देतो. निसर्ग येथे जमिनीलाच खतापाशी नेऊन टेकवीत असे.

संगाई हरीण

सरोवराच्या आग्नेय भागात केइबुल लामजाओ नावाचे सुमारे ४० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचा बराचसा भाग फुमडीचाच असल्याने जगातील एकमेव तरंगते राष्ट्रीय उद्यान म्हणून ते ओळखले जाते. संगाई हरणाचे नैसर्गिक वसतिस्थान आज एवढेच उरले आहे. या हरणाचे जवळचे भाऊबंद म्यानमारमध्ये व त्याच्याही पूर्वेकडील देशांत आढळतात. परंतु मणिपूरचे संगाई हा त्यांच्यातील एक स्वतंत्र प्रकार आहे. नराच्या शिंगाची पुढची शाखा कपाळावरून पुढे झुकते आणि मुख्य शिंगाशी मिळून एकच अखंड कमान बनते. फुमडीच्या मऊ, दबणाऱ्या पृष्ठावर ते पावले जपून उचलीत चालते. म्हणून त्याला ‘नाचणारे हरीण’ असेही म्हणतात. फुमडीवर उगवणारे गवताचे कोवळे कोंब हे त्याचे खाद्य. महापूर आला की ते उद्यानातील लहान टेकड्यांचा आश्रय घेते.

१९५१ मध्ये हे हरीण नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते. परंतु १९५३ मध्ये ई. पी. जी या निसर्गअभ्यासकाने केइबुल लामजाओच्या गवतात थोडी संगाई अद्याप जिवंत असल्याचे दाखवून दिले. १९७५ मध्ये विमानातून गणना केली, तेव्हा अवघी १४ हरणे दिसली. १९७७ मध्ये या प्रदेशास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. शिकारीस आळा बसला, स्थानिक लोकांनीही संरक्षणास हातभार लावला, आणि २०१६ च्या गणनेत ही संख्या २६० भरली. संगाई हा मणिपूरचा राज्यप्राणी आहे.

बंधारा आणि फुमडी

हरणांची संख्या वाढत असतानाच त्यांच्या पायाखालची भूमी मात्र दुबळी होत गेली. १९८३ मध्ये मणिपूर नदीवर इथाई येथील बंधारा कार्यान्वित झाला. सरोवराचे पाणी अडवून ते बोगद्यातून डोंगरापलीकडे नेले जाते आणि सुमारे ३०० मीटर खाली सोडून त्यावर १०५ मेगावॉट क्षमतेचे वीजकेंद्र चालविले जाते. डोंगराळ प्रदेशातील या राज्यास विजेची निकड होती, यात शंका नाही. परंतु वीजनिर्मितीसाठी सरोवर बारमाही भरलेले ठेवावे लागते. काठची पुष्कळ शेतजमीन पाण्याखाली गेली. चिंद्विनकडून प्रवाहाविरुद्ध पोहत येणाऱ्या पेंगबासारख्या माशांची वाट अडली. आणि कोरड्या ऋतूत पाणी पूर्वीसारखे न उतरल्याने फुमडीचे तळास टेकणे जवळजवळ थांबले.

याचा परिणाम मोठा विलक्षण झाला. खुल्या सरोवरात फुमडी वाजवीपेक्षा अधिक माजली. कारण पूर्वी पुराबरोबर नदीवाटे वाहून जाणारे तुकडे आता आतच अडकू लागले. उद्यानातील फुमडी मात्र पोषणाअभावी पातळ होत चालली. हरणाचा भार पेलण्यास फुमडी पुरेशी जाड असावी लागते; पातळ भागात त्याचे पाय रुततात. जे स्थळ शिकारीपासून वाचले, ते पाण्याच्या एकसारख्या पातळीमुळे संकटात सापडले.

१९९० मध्ये लोकटकचा समावेश रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाला आणि १९९३ मध्ये त्यांपैकी धोक्यात आलेल्या जागांच्या यादीत, म्हणजे माँट्रो नोंदीत, त्याचे नाव गेले. सरोवराच्या रक्षणासाठी मणिपूर राज्याने २००६ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. कोरड्या महिन्यांत बंधाऱ्याची दारे काही काळ उघडून पाणी उतरू द्यावे, असा उपाय अभ्यासकांनी सुचविला आहे. तसे केल्यास त्या काळात विजेचे उत्पादन घटणार; न केल्यास फुमडी झिजत जाणार. वीज, शेती, मासेमारी आणि संगाई या चौघांचाही निर्वाह एकाच पाण्यावर होतो. ते पाणी वर्षाच्या कोणत्या महिन्यात किती उंच असावे, या प्रश्नाच्या उत्तरावर या तरंगत्या भूमीचे भवितव्य अवलंबून आहे.