ताप गेला, खोकला का राहिला?



करोनाच्या काळात पाड्यांवर फिरताना हा प्रश्न मला घरोघरी विचारला गेला, "ताप तर उतरला ताई, मग खोकला का जात नाही?" मी डॉक्टर नाही. पण आपले स्वयंसेवक आजही खोकल्याच्या घरांत जातात, म्हणून हे उत्तर आपल्याला ठाऊक असलेले बरे.

आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. त्याखालच्या बहुतेक पेशींना अतिसूक्ष्म केस असतात, एकेका पेशीला शेकडो. वाऱ्यावर भात लवावा तसे ते अखंड लवतात आणि धूळ, जंतू चिकटलेला कफ घशाकडे ढकलतात. रात्रंदिवस चाललेली ही झाडलोट आपल्याला कळतही नाही.

कोविडचा विषाणू नेमका या पेशींवर येतो. त्याच्या अंगावरचा काटा पेशीवरील एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो. तिथलेच दुसरे प्रथिन तो काटा कापते, आणि विषाणूचे स्निग्ध आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जाते. (साबण हेच आवरण फोडतो, म्हणून हात धुण्याचा एवढा आग्रह.) मग पेशी स्वतःचे काम सोडून विषाणूच्या प्रती काढू लागते. तिचे केस झडतात, पुष्कळ पेशी मरून गळून पडतात. हे घराणे तसे जुने आहे. १९६५ मध्ये इंग्लंडात टायरेल आणि बायनो यांनी साध्या सर्दीचा एक करोना विषाणू मानवी श्वासनलिकेच्या तुकड्यांवरच वाढवला होता.

झाडू थांबला की कफ साचतो आणि तो काढायला खोकणे एवढाच मार्ग उरतो. विषाणू गेला तरी अस्तर भरून यायला काही आठवडे लागू शकतात. त्यात चुलीचा धूर आणि विडी त्याच केसांना आणखी दुबळे करतात. खोकणाऱ्या माणसाला चुलीपासून दूर झोपवा, हे मी आवर्जून सांगते.

विषाणू खाली फुफ्फुसाच्या फुग्यांपर्यंत उतरला तर गोष्ट वेगळी. तिथे पाणी भरते, रक्तातला प्राणवायू घटतो, आणि काहींना धापही लागत नाही. "बरा आहे" या शब्दावर विसंबू नका. बोटाला ऑक्सिमीटर लावा, आकडा ९४ च्या खाली असेल तर लगेच दवाखान्यात न्या.

आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला प्रत्येक खोकला करोनाच्या खात्यावर टाकू नका. आपल्या भागात क्षयरोग आहे. त्या माणसाला थुंकीच्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. तपासणी तिथे मोफत होते.